शब्दचर्चा : नाण्यावरचा 'कोसोन' म्हणजे राजा की लोक?

मूळ प्रश्न

ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रोमानियात) सापडणाऱ्या सोन्याच्या डेसियन, म्हणजे तिथल्या प्राचीन डेसिया देशाच्या, नाण्यांवर ग्रीक लिपीत एकच शब्द असतो, 'कोसोन'. अक्षरे ग्रीक, चित्र रोमन आणि नाणे म्हणे डेसियन. कुठे याचा अर्थ 'कोसोन राजा' असा दिलेला दिसतो, तर कुठे 'कोस लोकांचे'. व्याकरण कोणत्या बाजूने आहे? आणि डाव्या कडेला जोडाक्षरासारखा जो आकार दिसतो, तो या शब्दाचाच भाग धरायचा का?

प्रतिसाद १

अक्षरे पाचच आहेत : काप्पा, ओमिक्रॉन, सिग्मा, ओमेगा, न्यू. देवनागरीत लिहिताना नेमकी कामाची गोष्ट हरवते. पहिला ओ ऱ्हस्व आहे, दुसरा दीर्घ, आणि आपण दोघांनाही तीच मात्रा देतो. सगळा वाद त्या दुसऱ्या ओचा आहे.

नाण्यावर नामाच्या शेवटी ओमेगा-न्यू दिसले की दोन शक्यता तपासायच्या. पहिली, षष्ठीचे अनेकवचन. सिराक्यूजच्या नाण्यांवर 'सिराकोसिओन' असते, म्हणजे सिराक्यूजकरांचे. थासोस बेटाच्या चांदीच्या मोठ्या नाण्यांवर 'हेराक्लेऊस सोतेरोस थासिओन' असते, म्हणजे थासोसकरांचा तारणहार हेराक्लीस, त्याचे. ही नाणी आणि त्यांच्या नकला थ्रेसमध्ये व डॅन्यूबच्या खोऱ्यात भरपूर फिरत होत्या. म्हणून 'कोस लोकांचे' हा अर्थ वरवर पटतो. पण त्यासाठी आधी 'कोस' नावाचे लोक दाखवून द्यावे लागतील.

दुसरी शक्यता, न-कारान्त पुरुषनामाची प्रथमा. ग्रीकमध्ये 'प्लातोन', म्हणजे आपला प्लेटो. ग्रीक भाषा प्रथमेत न ठेवते, लॅटिन तो गाळते : 'प्लातो', षष्ठीत मात्र 'प्लातोनिस'. संस्कृत येणाऱ्यांना हे नवे नाही. आत्मा, पण आत्मनः. रोमन कवी होरेसच्या एका कवितेत 'दाकी कोतिसोनिस' असे षष्ठीचे रूप येते, म्हणजे डेसियन कोतिसो याचे. रोमन चरित्रकार सूटोनियसने सम्राट ऑगस्टसच्या चरित्रात गेटी (डेसियनांचे भाऊबंद) लोकांचा राजा म्हणून हेच नाव दिले आहे आणि तिथे हस्तलिखितांत पाठभेद आहेत. कोतिसो आणि कोसोन एकच, हा जुना अंदाज त्यावरच उभा आहे. शेवट जुळतो, मधला 'ति' कुठे गेला हे सांगता येत नाही. त्यामुळे 'कोसोन हे पुरुषाचे नाव' इथपर्यंत मी खुशाल जाईन. 'कोसोन म्हणजेच कोतिसो' याला 'बहुधा'सुद्धा लावणार नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण एक शंका. राजाचे नाव असेल तर तेही षष्ठीत हवे ना? 'बासिलेओस लिसिमाखू', राजा लिसिमाखोसचे. आपल्याकडेही तीच रीत. मिनँडर या इंडो-ग्रीक राजाच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक षष्ठी आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत 'महरजस त्रतरस मेनद्रस'. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची जी हजारो नाणी निघाली, त्यांवरही 'स'कारान्त षष्ठीच. मग इथे 'कोसोनोस' का नाही?

प्रतिसाद १ (पुन्हा)

शंका रास्त आहे. उत्तर चित्रात सापडते.

दर्शनी बाजूला टोगा घातलेले तिघे डावीकडे चालले आहेत. मधला कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी), पुढचा-मागचा हे त्याचे चोपदार, खांद्यावर काठ्यांची मोळी आणि तीत कुऱ्हाड. हे चित्र मार्कस ब्रूटसने (सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक) इ.स.पू. ५४ मध्ये पाडलेल्या डेनारियस या चांदीच्या रोमन नाण्यावरून उचलले आहे. तिथे चौघे आहेत, इथे पुढचा एक गाळला. मागच्या बाजूचा राजदंडावर उभा, एका पायात माळ धरलेला गरुड हा पोम्पोनियस रूफसच्या इ.स.पू. ७३ च्या डेनारियसवरचा.

आता पायांखालची आडवी रेघ बघा. मूळ डेनारियसवर तिच्याखाली 'ब्रूटस' आहे, लॅटिन प्रथमा. नक्कल करणाऱ्याने त्याच जागी 'कोसोन' कोरले. जागा तीच, विभक्तीही तीच. ग्रीक नाण्यांचा नियम इथे लावायचा नाही, कारण कारागिरासमोर नमुना रोमन होता. माझ्या मते 'कोस लोकांचे' हा अर्थ इथेच बाद होतो.

प्रतिसाद ३

डावीकडच्या आकाराबद्दल. तो शब्दाचा भाग नाही, स्वतंत्र संयुक्ताक्षरी मुद्रा (मोनोग्राम) आहे : दोन-तीन अक्षरे एकमेकांची रेघ वापरून गुंफलेली. वाचने दोन. लॅटिन 'बीआर' धरले तर ब्रूटस. ग्रीक 'ओएलबी' धरले तर काळ्या समुद्राकाठचे ओल्बिया नगर. घोळ होतो तो खालच्या तिरप्या रेघेमुळे. ती लॅटिन आरचे शेपूट म्हणायची की ग्रीक लाम्दाचा एक पाय, हे झिजलेल्या नाण्यावर ठरवता येत नाही. तिरपा उजेड दोन्ही बाजूंनी टाकून बघावे. एकाच बाजूच्या उजेडात सावलीचीच रेघ होते.

'ब्रूटस' वाचणारे प्राचीन इतिहासकार अपियनचा आधार देतात : पोलेमोक्राशिया नावाच्या थ्रेसियन राणीने ब्रूटसला खजिना सोपवला आणि त्याने त्याची नाणी पाडली. आधार चांगला आहे, पण ती नाणी हीच, असे अपियन म्हणत नाही.

आणखी एक. मुद्रा नसलेली कोसोनही आहेत आणि त्यांचे सोने वेगळे आहे. मुद्रावाली शुद्ध केलेल्या सोन्याची, साधारण ९७ टक्क्यांच्या वर. बिनमुद्रेची नदीच्या कच्च्या सोन्याची, चांदीचा अंश बराच जास्त. म्हणजे शब्द तोच असला तरी दोन खेपा किंवा दोन टाकसाळी असू शकतात. मुद्रेचा अर्थ लावून तो सरसकट सगळ्या नाण्यांना चिकटवू नये.

हा फरक नाण्याला ओरखडा न काढता पाण्यात तोलून बघता येतो. वजन साधारण ८.४ ग्रॅम. ९७ टक्के सोने, बाकी चांदी असेल तर घनता १८.८ च्या आसपास, पाण्यात वजन ०.४४६ ग्रॅमने घटते. ९० टक्क्यांना घनता १७.८, घट ०.४७२. फरक जेमतेम ०.०२६ ग्रॅम. त्यामुळे मिलिग्रॅम दाखवणारा काटाच हवा, ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर हा फरक चुकीतच बुडतो. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडाही घनता कमी दाखवतो. पाण्यात द्रव साबणाचा एक थेंब टाकला की तो सुटतो.

प्रतिसाद ४

अवांतर : १५२० मध्ये इरॅस्मस या डच विद्वानाने एका पत्रात या नाण्याचा अर्थ लावला होता. तिघे म्हणजे तारवातून उतरणारा नोहा आणि त्याची दोन मुले, गरुड म्हणजे ऑलिव्हची डहाळी आणणारे कबुतर! एवढा मोठा ग्रीक पंडित, पण ताडून बघायला शेजारी ब्रूटसचा डेनारियस नसला की असे होते.

मूळ प्रश्नकर्ता

आभार. मग मराठीत 'कोसोनी नाणे' लिहू की 'कोसोनचे नाणे'?

प्रतिसाद १

'कोसोन नाणे' लिहा. 'कोसोनी' म्हटले की प्रदेश किंवा लोक वाटतात, तोच गोंधळ परत. 'कोसोनचे'मध्ये नाण्यावर नसलेली षष्ठी आपण पदरची घालतो, आणि नाणे पाडले कोणी हे तर अजून ठरायचे आहे.