अमेरिकन नागरिकत्वाची शपथ: मनापासून की सोयीपुरती?

बेएरियावाला
पुढच्या महिन्यात बायकोचा शपथविधी आहे. माझं मात्र ठरत नाही. अर्ज, मुलाखत, नागरिकशास्त्राचे प्रश्न, याचं काही नाही. घोडं अडतंय शपथेच्या पहिल्याच वाक्यावर. आजवर ज्या देशाचे नागरिक होतो त्याच्यावरची सगळी निष्ठा पूर्णपणे सोडली, असं उजवा हात वर करून म्हणायचं. आणि लगेच ओसीआयचा, म्हणजे मूळच्या भारतीयांना परदेशी नागरिक झाल्यावर भारतात ये-जा करू आणि राहू देणाऱ्या कार्डाचा, अर्ज भरायचा, सातबाऱ्यावरचं नाव तसंच ठेवायचं. मी तरी याला खोटी शपथ म्हणतो. फक्त 'सगळेच घेतात' हे उत्तर नको.

शिकागोची सूनबाई
खोटी कशी? ओसीआय भारत सरकारच देतं, उघडपणे. अमेरिकेलाही ते माहीत आहे. मग फसवलं कोणाला? आणि सोयीचं म्हणाल तर हो, सोयीचं आहेच! आईच्या आजारपणात मी बरेच महिने पुण्यात होते. ग्रीनकार्डावर वर्ष उलटलं की परत आत घेतील की नाही ही धास्ती. शपथ घेतल्यावरच आईजवळ निवांत बसता आलं.

कलम_नऊ
भावना जरा बाजूला ठेवू. तुमचं भारतीय नागरिकत्व त्या वाक्यामुळे जात नाही. 1955 च्या आपल्याच कायद्याच्या कलम 9 मुळे जातं. शपथविधीच्या टेबलावर अमेरिकन अधिकारी ग्रीनकार्ड काढून घेतात, भारतीय पासपोर्टला हातही लावत नाहीत. तो जमा करून घेतो तो आपला दूतावास. आणि आपण तरी काय वेगळं करतो? परदेशी माणूस भारतीय व्हायला आला तर जुनं नागरिकत्व सोडायची हमी आणि राज्यघटनेवरच्या निष्ठेची शपथ, दोन्ही घेतोच की.

बेएरियावाला
@कलम_नऊ, म्हणजे वाक्याला काही किंमतच नाही, असंच ना? मग म्हणायला का लावता? इथे जन्मलेल्याला कोणी विचारत नाही.

कलम_नऊ
किंमत किती ते अफ्रोयिम खटल्यात पाहा. पोलंडमध्ये जन्मलेला माणूस, हीच शपथ घेऊन अमेरिकन झाला, पुढे इस्रायलच्या निवडणुकीत मत दिलं. सरकार म्हणालं, नागरिकत्व गेलं. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, त्याने स्वतः सोडल्याशिवाय जात नाही.

टोरंटोकर
तुमचं बरं आहे. आम्ही कॅनडात राजे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी इमान राखायची शपथ घेतली. दीडशे वर्षं ज्यांच्या नावाने बोटं मोडली त्यांच्याशी! काहीजण कोर्टात गेले, तर 2014 मध्ये ओंटारिओच्या अपील न्यायालयाने सांगितलं की इथे राजा म्हणजे व्यक्ती नव्हे, राज्यव्यवस्था. मी मुकाट्याने म्हटली आणि बाहेर येऊन समोसे खाल्ले.

जुना_न्यूजर्सीकर
शपथेचा एवढा कंटाळा आलेल्यांनी 1923 चा भगतसिंग थिंड खटला वाचावा. त्यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केली होती, तरी न्यायालयाने 'गोरे नाहीत' म्हणून नागरिकत्व नाकारलं. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचंही काढून घेतलं. दार उघडलं ते 1946 मध्ये. हात वर करायला मिळतोय, करा.

बेएरियावाला
काका, इतिहास मान्य. पण आजोबांना नाकारलं म्हणून नातवाने न वाचता सही करायची का?

सांगलीची_वहिनी
आमच्या सासूबाई जैन. शपथेतलं देशासाठी शस्त्र उचलण्याचं कलम त्यांनी धर्माचं कारण देऊन वगळून घेतलं, मुलाखतीत नीट समजावून सांगितलं. 'देवाच्या साक्षीने' हेही ज्यांना नको त्यांना गाळता येतं. एवढं अडत असेल तर वकिलाला विचारा, घरच्या घरी कुढू नका.

बेएरियावाला
वहिनी, तेच तर! शस्त्राला सूट, देवाला सूट, पण जुन्या देशाच्या वाक्याला नाही. ते वाक्य कायद्याने कधी गाळलं तर मी दुसऱ्या दिवशी अर्ज भरेन. तोवर ग्रीनकार्डाचं नूतनीकरण करत राहीन, मत न देता.

शिकागोची सूनबाई
आणि कर मात्र पूर्ण भरणार! वा.