मदत हवी आहे : स्प्रिंटच्या शेवटी साचणारं टेस्टिंग

नमस्कार मंडळी,

बेळगावातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही संकलनाचं ॲप करतो. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या भागातल्या आणि पलीकडे चंदगड, कागलकडच्या संस्था ते वापरतात. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला येतात, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, ॲप दरपत्रकातून भाव काढतं आणि पावती छापतं. पावती कन्नड की मराठी, ते संस्था ठरवते.

टीममध्ये टेस्टर मी एकटीच. स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक ठरावीक टप्पा, दोन आठवड्यांचा. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे तपासायला जवळजवळ काहीच नसतं, आणि डेमो तोंडावर आला की सगळ्या स्टोऱ्या (कामाचे छोटे तुकडे) एकदम माझ्या रकान्यात येऊन पडतात. मग जे दिसतं तेवढंच बघून होतं. राहिलेलं पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकललं जातं, आणि रोजच्या स्टँडअप मीटिंगला ‘टेस्टिंगमुळे अडलंय’ असं बोललं जातं.

मला याचा त्रास होतो तो वेगळ्याच कारणानं. दरपत्रकातली चूक आमच्या ऑफिसात कुणालाच दिसत नाही. ती दहा दिवसांच्या बिलात दिसते, आणि त्या बिलावर घरं चालतात. मागे एका बदलानंतर काही नोंदींचा भाव एक पायरी खाली लागत होता. लिटरमागे काही पैशांचाच फरक, पण तो एका संस्थेच्या सचिवांना वहीवर हिशेब करून काढावा लागला. हे त्यांच्या आधी आम्हाला सापडायला हवं होतं.

आता वरून असं सुचवलं गेलंय की टेस्टिंग एक स्प्रिंट मागून चालू द्यावं. म्हणजे या वेळी जे लिहिलं ते पुढच्या वेळी तपासायचं. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही. ऑटोमेशन आहे, पण स्क्रीनवरून चालणाऱ्या त्या टेस्ट कधी पास होतात, कधी उगाच फेल. हिरवं दिसेपर्यंत परत परत चालवायची सगळ्यांना सवय लागलीय.

एकट्या टेस्टरनं हे कसं बसवायचं? अशा टीममध्ये काम केलेल्यांनी कृपया सांगा. आयएसटीक्यूबीची टेस्टरांसाठीची फाउंडेशन परीक्षा दिली तर काही उपयोग होईल का, तेही लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी मूळचा टिळकवाडीचा, आता पुण्यात क्यूए (दर्जा तपासणी) लीड आहे. तुमची शंका बरोबर आहे. टेस्टिंग एक स्प्रिंट मागे ठेवलं की डेव्हलपर नव्या कामात शिरलेला असतो, तेव्हा तुम्ही जुना बग घेऊन जाता. त्याला सगळं पुन्हा आठवावं लागतं, आणि तोवर त्या चुकीवर नवा कोडही चढलेला असतो. शिवाय स्प्रिंट संपताना हातात वापरण्याजोगं काही नसतंच. स्प्रिंटनं काम करायच्या स्क्रम पद्धतीची जी पुस्तिका आहे, त्या २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये स्पष्ट म्हटलंय की ‘डेफिनिशन ऑफ डन’ (काम पूर्ण झालं म्हणायच्या अटी) पूर्ण न करणारं काम रिलीज तर नाहीच, रिव्ह्यूमध्येही दाखवायचं नाही. ते बॅकलॉगमध्ये, म्हणजे बाकी कामांच्या यादीत, परत जातं. त्याच गाइडमध्ये टेस्टर नावाची वेगळी जबाबदारीच नाही. प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (पद्धत नीट चालते ना ते बघणारा) आणि डेव्हलपर्स, एवढंच. म्हणजे दर्जा ही साऱ्या टीमची जबाबदारी. हा मुद्दा मीटिंगमध्ये जरूर मांडा.

पण नुसतं गाइड दाखवून कुणी बदलत नाही. माझ्या मते तुम्ही पहिला आठवडा रिकामा जातो असं समजताय, खरं काम तिथेच आहे. स्टोरी लिहायला घेण्याआधी प्रॉडक्ट ओनर, एक डेव्हलपर आणि तुम्ही असे तिघे अर्धा तास बसा आणि फक्त उदाहरणं काढा. दरपत्रकाचंच घ्या. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरला असेल, तर ३.४ ला काय, ३.५ ला काय, ३.६ ला काय? मशीननं ३.४५ दिलं तर वर न्यायचं की खाली? पत्रकात नसलेलं फॅट आलं तर दूध नाकारायचं की सर्वांत खालचा दर लावायचा? गाय-म्हैस मिसळ असेल तर? या प्रश्नांची उत्तरं डेव्हलपरला माहीत नसतात, तो अंदाजानं काहीतरी लिहितो आणि ते शेवटी तुमच्यासमोर बग म्हणून येतं. उत्तरं आधी मिळाली तर बग लिहिलाच जात नाही.

हाच तक्ता मग डेव्हलपरच्या युनिट टेस्टमध्ये (कोडचा एकेक छोटा भाग तपासणाऱ्या टेस्ट) जसाच्या तसा जातो. भाव काढणं हे निव्वळ गणित आहे, ते स्क्रीन उघडून तपासायची गरज नाही. माइक कोन यांनी मांडलेला टेस्ट पिरॅमिड हेच सांगतो : खाली भरपूर युनिट टेस्ट, मध्ये सर्व्हिस पातळीवरच्या, आणि वर स्क्रीनवरच्या अगदी मोजक्या. तुमच्याकडे तो उलटा उभा असावा, म्हणून सारखा डळमळतो. आणि पैशांचा हिशेब फ्लोटमध्ये (अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवणाऱ्या प्रकारात) होत नाही ना, ते विचारा. ०.१ हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही. पैसे दशांश प्रकारात किंवा पूर्ण पैशांतच ठेवायला हवेत.

उगाच फेल होणाऱ्या टेस्ट मुख्य पाइपलाइनमधून (बदल झाला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमधून) आजच बाजूला काढा. ज्या टेस्टवर कुणाचा विश्वास नाही, ती खरा बग दाखवते तेव्हाही कुणी बघत नाही. बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक निघतं : ठरावीक सेकंद थांबून मग बटण दाबणं, किंवा दोन टेस्टनी एकच डेटा वापरणं. सेकंद मोजू नका, हवी ती गोष्ट दिसेपर्यंत थांबा. प्रत्येक टेस्टनं आपला उत्पादक, आपलं खातं स्वतः तयार करावं.

प्रतिसाद २

आयएसटीक्यूबी फाउंडेशन : ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ गुण. आता ४.० अभ्यासक्रम चालू आहे, त्यात ॲजाइलचा भाग आलाय. सीमामूल्यं, निर्णय तक्ते वगैरे नीट शिकायला चांगली. नोकरी बदलताना रेझ्युमेवर उपयोगी. तुमची आत्ताची अडचण मात्र तिनं सुटणार नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तिघांनी बसायची कल्पना आमच्या पीओंना (प्रॉडक्ट ओनरना) पटेल, ते स्वतः संस्थांमध्ये फिरतात. ३.४५ चा प्रश्न आज विचारला. उत्तर कुणाकडेच नव्हतं, दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली! आता सचिवांनाच फोन करून विचारणार आहोत.

अजून एक. कन्नड पावतीचं काय करायचं? मला कन्नड बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. आणि नावं शोधताना कधीकधी असलेला उत्पादकही सापडत नाही.

प्रतिसाद ३

मी डेव्हलपर आहे, कन्नड-मराठी दोन्हींत काम केलंय. नाव न सापडण्याचं कारण बहुधा युनिकोड, म्हणजे अक्षरांना संकेतांक द्यायची पद्धत. कन्नडमधलं ‘ೊ’ हे स्वरचिन्ह एका संकेतांकानंही लिहिता येतं आणि दोन संकेतांक जोडूनही. डोळ्याला सारखंच, संगणकाला वेगळं. मराठीतल्या ‘ऱ’चंही तसंच. साठवताना आणि शोधताना मजकूर एनएफसी (युनिकोडनं ठरवलेल्या एकाच) रूपात आणायला सांगा, आणि दोन्ही तऱ्हांनी लिहिलेली नावं तुमच्या टेस्ट डेटात कायमची ठेवा. आकडेही बघा. कुणी देवनागरी कीबोर्डवरून ‘१२’ टाकलं तर जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन त्याला आकडा मानत नाही.

थर्मल प्रिंटरवर कन्नड आणि देवनागरी बहुतेक ठिकाणी चित्र करून पाठवतात. ते चित्रच पकडा. कन्नड वाचणाऱ्या सहकाऱ्यानं एकदा तपासून मंजूर केलेली पावती जपून ठेवायची आणि प्रत्येक बिल्डची पावती तिच्याशी ताडून बघायची. जोडाक्षर तुटलं तर लगेच कळतं. खऱ्या प्रिंटरवर रिलीजच्या आधी एकदा हातानं छापा, कागदाची रुंदी चित्रात कळत नाही.

बाकी वेळ हाती राहील तो मोकळ्या तपासणीला द्या. संकलन चालू असताना लाइट जाणं, रेंज जाणं, फोनचं घड्याळ चुकून संध्याकाळची नोंद सकाळच्या पाळीत पडणं, हे तक्त्यात सहसा येत नाही.

धागाकर्ती

घड्याळाचं आत्ताच करून पाहिलं. फोनची वेळ मागे नेली की नोंद खरोखरच सकाळच्या पाळीत गेली. बग टाकलाय. सोमवारच्या ग्रूमिंगला (पुढच्या स्टोऱ्यांवर बोलायच्या बैठकीला) पहिली स्टोरी हीच घेतोय, तिघे बसून. सचिवांचं ३.४५ बद्दलचं उत्तर आलं की तक्ता इथे टाकते, काही सुटलं असेल तर सांगा.