मदत हवी आहे : नेट हायलाइट होत नाही (अर्जंट)

त्रिमूर्तीनगरकर
सर्किट बोर्डच्या डिझाइनमध्ये नेट (एकमेकांना जोडायच्या टोकांचा गट) हायलाइटच होत नाही. ग्राउंडचं (शून्य व्होल्टचं) नेट कुठे तुटलंय ते बघायचंय, उद्या गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाइल) पाठवायच्या आहेत. शॉर्टकट दाबून दाबून थकलो. लवकर सांगा.

लेआउटवाला
सॉफ्टवेअर कोणतं? आवृत्ती? शॉर्टकट कोणता?

त्रिमूर्तीनगरकर
कीकॅड. शॉर्टकट तोच, १ च्या डावीकडचा.

हिंगणा_एमआयडीसी
अल्टियमवर या. आमच्याकडे असले प्रश्न येतच नाहीत.

बर्डीभाऊ
पोरगं प्रोजेक्ट करून राहिलं, लायसन्सचे पैसे तू देतो का बे? कीकॅड १९९२ पासून आहे, फुकट आहे. आधीचे ट्रॅक (तांब्याच्या रेषा) ढकलत नवे टाकणारा राउटर तर सर्नवाल्यांनी (युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा) घातलाय त्यात.

हिंगणा_एमआयडीसी
सर्नला बोर्ड बनवून विकायचे नसतात. आम्हाला असतात.

लेआउटवाला
तुमचं नंतर चालू द्या. @त्रिमूर्तीनगरकर, आवृत्ती अजून सांगितली नाही. स्किमॅटिक (सर्किटची आकृती) बदलल्यावर बोर्ड अपडेट करायला एफ८ मारलं का? पॅडला (पार्टचा पाय सोल्डर होतो ती जागा) नेटच नसेल तर चमकणार काय?

त्रिमूर्तीनगरकर
८. एफ८ मारलंय, पॅडवर नेटची नावं दिसतात. सगळं बरोबर आहे, फक्त हायलाइट होत नाही.

जुना_सोल्डर
फेरिक क्लोराइड कोमट करून घ्या, एचिंग (बोर्डवरचं नको असलेलं तांबं काढणं) लवकर होतं. स्टीलचं भांडं नको, प्लास्टिकचा ट्रे.

बर्डीभाऊ
काका, एचिंगचं कोणी विचारलं?

धरमपेठ_ताई
एक विचारू? हे मराठी कशाने टाइप करतोस? इन्स्क्रिप्ट कीबोर्ड?

त्रिमूर्तीनगरकर
हो. त्याचा काय संबंध?

धरमपेठ_ताई
इन्स्क्रिप्टमध्ये त्या बटणावर वेगळंच अक्षर आहे, कीकॅडला शॉर्टकट कळणार कुठून? विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीवर ये, कर्सर ट्रॅकवर ठेव, मग दाब. नाहीच जमलं तर उजवीकडे अपिअरन्स पॅनेलमध्ये नेट्सचा टॅब आहे, तिथे नावावर राइट क्लिक करून हायलाइट.

त्रिमूर्तीनगरकर
झालं!! पण ग्राउंड तर अख्खं चमकून राहिलं, तुटलेलं दिसतच नाही.

लेआउटवाला
दिसणारच नाही. हायलाइट नेटच्या नावावर चालतं. तांब्याचे दोन तुकडे एकमेकांना टेकलेले नसले तरी नाव जीएनडी (ग्राउंड) असलं की दोन्ही सारखेच उजळतात. तुझं काम डीआरसीचं (डिझाइन नियमात बसतं का ते तपासणारी चाचणी) आहे. आधी बी दाबून झोन (तांब्याने भरायचे भाग) पुन्हा भर, मग डीआरसी चालव आणि न जोडलेल्या आयटमचा टॅब बघ. तिथल्या ओळीवर क्लिक केलं की बोर्डवर ती जागा दिसते. सलग जोडलेले ट्रॅक तेवढेच हवे असतील तर ट्रॅक निवडून यू दोन-तीनदा दाब.

हिंगणा_एमआयडीसी
अल्टियममध्येही डीआरसीच लावतात, ते सोडा. पण उद्या गर्बर पाठवायच्या आणि डीआरसी आज? आमच्याकडे रिव्ह्यूशिवाय फाइल बाहेर जात नाही.

बर्डीभाऊ
तुमच्याकडे, तुमच्याकडे. पोराकडे रिव्ह्यू करायला कोण बसलंय?

त्रिमूर्तीनगरकर
सापडलं. रेग्युलेटरच्या पायाजवळ झोनचा तुकडा सुटा पडला होता, दोन ट्रॅकच्या मध्ये. तिथे व्हाया (दोन थर जोडणारं भोक) टाकला, आता यादी रिकामी आहे. पण सिल्कस्क्रीनच्या (बोर्डवर छापायची अक्षरं-खुणा) वॉर्निंग ढीगभर आहेत, त्या सोडल्या तर चालतं का?

लेआउटवाला
काय लिहिलंय वॉर्निंगमध्ये?

जुना_सोल्डर
एचिंग घरी करणार की बाहेरून?