लेकरांचे दीर्घ आजार आणि ऑनलाइन साधनं: तुमचे अनुभव लिहा

मुलाचा आजार वर्षानुवर्षांचा असला की निर्णय संपतच नाहीत. औषध बदलायचं का, पंप बसवायचा का, ऑपरेशन सुट्टीपर्यंत लांबवायचं का? ओपीडीत ऐकलेलं घरी येईपर्यंत निम्मं निसटतं. अशा वेळी खरोखर उपयोगी पडलेलं ॲप, तक्ता, संकेतस्थळ कोणतं? पुण्यातल्या आईबाबांनी मोकळेपणी लिहा. डोस मात्र कृपया कुणी कुणाला सुचवू नका.

लेकाची आई, कोथरूड
मुलाला नेफ्रॉटिक सिंड्रोम आहे, म्हणजे किडनीतून लघवीवाटे प्रथिनं निसटतात. रोज सकाळची लघवी परीक्षानळीत घ्यायची, सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे थेंब टाकायचे आणि नळीमागे छापील कागद धरायचा. अक्षरं स्वच्छ दिसली तर बरं, दुधासारखं पांढरं झालं की पोटात गोळा. सलग 3 दिवस थ्री प्लस (म्हणजे खूप प्रथिनं) आलं की रिलॅप्स, आजार उलटला. ही वही मी गूगल शीटमध्ये चढवली, तेव्हा स्टेरॉइड कमी केलं की दर वेळी उलटतंय हे डॉक्टरांना एका नजरेत दिसलं.

मग प्रश्न आला: दिवसाआड थोडं स्टेरॉइड चालू ठेवायचं, की लेव्हामिसोल हे स्टेरॉइड नसलेलं औषध? आम्ही ‘ओटावा पर्सनल डिसिजन गाइड’ हा निर्णय घ्यायला मदत करणारा तक्ता वापरला. मोफत आहे, कुठल्याही आजाराला चालतो. प्रत्येक पर्यायाचे फायदे-तोटे लिहून, आपल्याला कशाचं किती वाटतं त्याप्रमाणे 5 पर्यंत तारे द्यायचे. ह्यांनी आणि मी वेगवेगळं भरलं. माझे पाच तारे ‘स्टेरॉइडने उंची खुंटू नये’ला, ह्यांचे ‘रक्त सारखं काढायला लागू नये’ला. सुईच्या वेळी थरथरणाऱ्या पोराला धरून ठेवायचं काम ह्यांचं असतं. हे आम्ही एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो! दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवले. लेव्हामिसोलने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, त्यामुळे तपासण्या टळणार नाहीत, पण सुन्न करणारं मलम लावून रक्त घेता येईल, असं त्यांनी सांगितलं. मग लेव्हामिसोलचं ठरलं.

बाबा, हडपसर
मुलीला टाइप 1 डायबेटिस. दंडावर साखर मोजणारा सेन्सर, आकडे माझ्या फोनवर. साखर 70 ते 180च्या (mg/dL) मध्ये दिवसाचा किमान 70 टक्के वेळ, हे सर्वसाधारण लक्ष्य. अंगावर लावून सतत इन्सुलिन देणाऱ्या पंपासाठी सगळे मागे लागले होते, पण आलेखात रात्री चांगल्या होत्या, घसरण बॅडमिंटननंतरची. क्लासआधी राजगिऱ्याचा लाडू आणि डॉक्टरांनी बदलून दिलेलं इन्सुलिन, एवढ्यावर भागलं. पंप सध्या थांबवलाय. सेन्सरचा आकडा रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे असतो, त्यामुळे लक्षणं आणि आकडा जुळत नसेल तर बोट टोचून बघाच.

ताई, सिंहगड रोड
रिपोर्ट एआयला विचारणाऱ्यांनी मुलाचं वय जरूर घाला. भाच्याचं अल्कलाइन फॉस्फटेज (रक्तातलं एक एन्झाइम) ‘खूप वाढलंय’ असं उत्तर आलं, घरात रडारड. वाढत्या वयात ते मोठ्यांपेक्षा जास्तच असतं, आणि लॅबने रेंज मोठ्यांची छापली होती.

लेकाची आई, कोथरूड
ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. हडपसरचे बाबा, शाळेत फोन चालत नाही, मग आकडे कोण बघतं? आमच्या शेजारच्या छोट्याला नुकताच सेन्सर लागलाय, त्याच्या आईला सांगायचंय.