दंडाचे स्नायू: तालमीतला व्यायाम आणि डंबेल्स यांचा मेळ कसा घालावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. माझे वय ४३ असून काम दिवसभर बैठे आहे. सकाळी पेठेतल्या तालमीत जोर, बैठका आणि मुद्गल (खांद्यावरून फिरवायची लाकडी जड गदा) हा व्यायाम नियमित होतो; शिवाय तालमीच्याच एका खोलीत आता डंबेल्स, बारबेल आणि केबलचे यंत्र आले आहे. आमच्या शहरात पेठेपेठेत तालीम आहे, शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय आणि १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान यांचा वारसा आहे, त्यामुळे व्यायाम शिकवणाऱ्यांची वाण नाही. मात्र वस्ताद एक सांगतात आणि यंत्रांच्या खोलीतले प्रशिक्षक दुसरे सांगतात. दोघांविषयीही मला आदर आहे, म्हणूनच कोणता व्यायाम दंडाच्या नेमक्या कोणत्या स्नायूवर काम करतो हे समजून घेऊन मगच आठवड्याची आखणी करावी, असे मी ठरवले आहे.

आतापर्यंत वाचून जे समजले ते मांडतो. कोठे चुकत असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावे. बेटकुळी काढून दाखवतो तो पुढचा बायसेप्स दोन शिरांचा, म्हणजे वरच्या बाजूस दोन टोके असलेला असतो. त्याची दोन्ही शिरे खांद्याच्या फऱ्यापासून निघतात आणि कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडील हाडाला जाऊन मिळतात, म्हणजे दंडाच्या हाडाला तो चिकटलेला नसतोच. त्यामुळे कोपर वाकवण्याबरोबरच तळवा वरच्या बाजूस फिरवणे हेही त्याचे काम ठरते. त्याच्याखाली दडलेला ब्रेकिॲलिस मात्र दंडाच्या हाडापासून निघून करंगळीकडील हाडाला मिळतो. ते हाड तळव्याबरोबर फिरत नसल्याने तळवा कसाही असला तरी ब्रेकिॲलिस कोपर वाकवतच राहतो. मागचा ट्रायसेप्स तीन शिरांचा आणि या सर्वांत मोठा आहे; दंडाचा घेर मुख्यतः त्याच्यावर अवलंबून असतो. त्याचे फक्त लांब शीर फऱ्यापासून निघते, उरलेली दोन दंडाच्या हाडापासूनच निघतात. म्हणून हात डोक्यावर नेऊन कोपर पूर्ण वाकवले, की लांब शीर सर्वाधिक ताणले जाते. जपानी संशोधकांनी केलेल्या एका तुलनेत हात डोक्यावर ठेवून केलेल्या व्यायामाने ट्रायसेप्सची वाढ अधिक झाल्याचे आढळले, आणि विशेष म्हणजे ती केवळ लांब शिरापुरती मर्यादित नव्हती.

माझा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. मुद्गल फिरवताना तो खांद्यावरून पाठीमागे सोडला, की कोपर कानाजवळ येऊन वर रोखले जाते, मनगट मानेमागे जाते आणि मुद्गलाचे सारे वजन पाठीमागे लोंबते. त्या क्षणी दंडाच्या मागच्या बाजूला, बगलेच्या अगदी जवळ, जो ताण जाणवतो तो लांब शिराचाच असावा असे मला वाटते. जोर मारताना ही स्थिती क्षणभरच आणि अर्धवट येते; तेथे छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि ट्रायसेप्सची उरलेली दोन शिरे अधिक राबत असावीत. मग मुद्गलाचे वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेले, तर डोक्यामागे डंबेल नेऊन करायच्या व्यायामाची वेगळी गरज उरते का? की मुद्गल झोक्याने फिरत असल्यामुळे आणि बराचसा भार खांदे व पाठ उचलत असल्यामुळे ट्रायसेप्सला वाढीपुरते काम मिळतच नाही? मला दुसरी शक्यता अधिक वाटते, परंतु ज्यांनी दोन्ही प्रकार दीर्घकाळ केले आहेत त्यांचा अनुभव ऐकायचा आहे.

पुढच्या बाजूविषयीही अशीच शंका आहे. तालमीत दोर चढतो तेव्हा दोन्ही तळवे एकमेकांकडे वळलेले असतात, त्यामुळे ब्रेकिॲलिस आणि कोपराखालचे स्नायू भरपूर काम करतात. आखाड्याची माती फावड्याने उकरतानाही तसेच होते. मात्र वजन पेलून तळवा वर फिरवण्याची क्रिया या साऱ्यात कोठेच नीट येत नाही. माझे दंड जोर मारताना थकत नाहीत, पण तळवे स्वतःकडे करून चिन-अप (दांड्याला लटकून शरीर वर ओढणे) काढायला गेलो की थोड्याच वेळात ताकद संपते, त्याचे कारण हेच असावे का? तसे असल्यास तळवा फिरवत मारायचे डंबेल कर्ल (कोपर वाकवून डंबेल वर आणणे) आठवड्यातून दोन वेळा पुरेसे होतील का, आणि ते दोर चढण्याच्या दिवशीच करावेत की वेगळ्या दिवशी?

एक अडचणही सांगितली पाहिजे. आडवे पडून बारबेल कपाळापर्यंत आणण्याच्या व्यायामात उजव्या कोपराच्या टोकाशी, जेथे ट्रायसेप्स हाडाला जोडला जातो तेथे, दुखते. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून हाड व सांधा व्यवस्थित असल्याचे सांगितले आणि काही काळ हा व्यायाम टाळायला सुचवले. जोर मारताना किंवा केबल खाली ओढताना दुखत नाही. सदस्यांपैकी कोणी फिजिओथेरपिस्ट असतील, तर डोक्यावरच्या व्यायामाकडे परत येताना किती वजनापासून आणि किती सावकाश सुरुवात करावी, याचे मार्गदर्शन करावे.

आहाराबाबत फारशी शंका नाही. माझे वजन ७१ किलो आहे, किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर दिवसाला सुमारे ११४ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि दूध, अंडी, कडधान्ये व बुधवार-रविवारचे मटण यांतून त्याच्या जवळपास पोहोचता येते.

सध्या मी ५ किलोची मुद्गलाची जोडी आणि १० किलोचे डंबेल वापरतो. जोर बंद करण्याचा सल्ला कृपया देऊ नये. ते चालू ठेवूनच बाकीची आखणी बसवायची आहे. मुद्गल फिरवण्याची पद्धत पाहून सांगणे कोणाला सोयीचे वाटत असेल, तर बाजूने आणि पाठीमागून असे दोन्ही व्हिडिओ काढून येथे देईन.