ए विंगच्या लिफ्टमध्ये ग्रॅनाइट बसवायचा का?

सचिव: नमस्कार मंडळी. ए विंगच्या लिफ्टचं इंटिरियर बदलायचं कोटेशन आलंय. खाली १८ मिमी ग्रॅनाइट, मागच्या भिंतीला पूर्ण उंचीचा आरसा. रविवारच्या सभेत मंजुरीला ठेवतोय. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा.

ए-११०२: माझी आहे. कोटेशनमध्ये वजन किती लिहिलंय?

सचिव: वजन? रुपये लिहिलेत फक्त.

ए-११०२: मग हिशोब इथेच करू. आपली लिफ्ट ८ माणसांची, माणशी ६८ किलो धरून ५४४ किलो. केबिनची जमीन १३०० बाय ११०० मिमी, म्हणजे १.४३ चौरस मीटर. १८ मिमी ग्रॅनाइट चौरस मीटरला ४९ किलोच्या आसपास भरतो. झाले ७० किलो. आरसा ६ मिमी जाडीचा धरला तर आणखी ४०. एकूण ११०, चिकटवायचा मसाला वेगळाच. दीड माणूस कायमचा आत उभा, आणि तो कुठल्याच मजल्यावर उतरणार नाही.

बी-२०४: पण काका, ८ जण एकदम चढतात कुठे? ४-५ च असतात. तेवढं चालून जाईल की.

ए-११०२: लिफ्ट म्हणजे तराजू आहे. एका पारड्यात केबिन, दुसऱ्यात काउंटरवेट. काउंटरवेट रिकाम्या केबिनपेक्षा साधारण निम्म्या क्षमतेने जड ठेवतात, आपल्याकडे २७२ किलोने. म्हणजे लिफ्ट रिकामी असो की भरलेली, मोटर आणि ब्रेकला जास्तीत जास्त २७२ चाच फरक सांभाळायचा. केबिनमध्ये ११० किलो भरले की भरलेल्या लिफ्टला तो फरक ३८२ होतो, ४० टक्के जास्त. ब्रेकचं लायनिंग झिजलेलं असेल तर खाली येणारी भरलेली लिफ्ट मजल्याच्या खाली जाऊन थांबते. मग उंबऱ्यात ठेच. ज्येष्ठ नागरिकांना तेवढी पुरते.

बी-५०३: अजून एक. केबिनखालच्या लोड सेन्सरला ग्रॅनाइट आणि माणूस यातला फरक कळत नाही. ७ वा माणूस चढला की ओव्हरलोडचा बझर.

बी-२०४: थांबा थांबा. बी विंगची लिफ्ट ६ जणांतच बोंबलते, ती टाइल्स बसवल्यापासूनच ना?

बी-५०३: कारण तेच असणार. आणि मेकॅनिकला बोलावलं की तो रिकाम्या केबिनवर सेन्सरचा झिरो पुन्हा सेट करून जातो. बझर गप्प, सगळे खूश. वजन मात्र तिथेच, फक्त आता मशीनला ते दिसत नाही. मला विचाराल तर हे बझरपेक्षा वाईट.

सचिव: काउंटरवेटमध्ये दोन-चार ब्लॉक वाढवले तर? ठेकेदार म्हणाला सोपं आहे.

ए-११०२: तराजू जुळेल, पण रोपवर, म्हणजे लिफ्ट पेलणाऱ्या तारेच्या दोरांवर, आणि पुलीवर दोन्ही बाजूंनी मिळून २२० किलो वाढतील. शिवाय केबिनखालचा सेफ्टी गियर, म्हणजे वेगाने खाली निघालेल्या केबिनला रुळांवर पकडणारी यंत्रणा, केबिन अधिक क्षमता अशा ठरावीक एकूण वजनासाठी निवडलेला असतो, ब्लॉक टाकून तो बदलत नाही. निर्मात्या कंपनीचा लेखी हिशोब हवा, आणि लिफ्टमध्ये बदल करायचा तर विद्युत निरीक्षकाची परवानगी आधी. लिफ्टचा १९३९ चा कायदा जाऊन २०१७ चा आला, तरी फर्निचरवाल्याला लिफ्टच्या मशीनला हात लावायची मुभा नाही.

ए-३०१: मला एकच सांगा, रोप तुटला तर काय होतं? मुलं एकटी जातात लिफ्टने.

बी-५०३: मॅडम, रोप एक नसतो, अनेक असतात, आणि प्रत्यक्ष भाराच्या कैक पट ताकदीचे. त्यातूनही केबिन वेगाने खाली निघालीच, तर ठरलेल्या वेगापेक्षा किमान १५ टक्के जास्त झाल्यावर वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर अडकतो आणि सेफ्टी गियर रुळांना घट्ट पकडतो. उलट भीती वर जाण्याची धरा. एक-दोघे आत असताना काउंटरवेट जड असतं, त्यामुळे ब्रेक सुटला तर लिफ्ट वर पळते. जुन्या लिफ्टचा सेफ्टी गियर फक्त खाली जाताना पकडतो. म्हणून लायनिंग आणि स्प्रिंगची तपासणी नोंदवहीत तारखेसकट हवी, नुसतं ‘सर्व्हिस ओके’ नको.

ए-११०२: आणि मुलांचा विषय निघालाच आहे तर दरवाजे. बहुतेक बिघाड तिथलेच. उंबऱ्याच्या खाचेत वाळू, रांगोळी, दुधाच्या पिशवीचा कोपरा अडकतो, दार पूर्ण मिटत नाही, लॉकचा संपर्क जुळत नाही, लिफ्ट बंद. मग फोनवर फोन जातात आणि कधीकधी मेकॅनिक लॉकच्या सर्किटला वायरचा जंपर मारून ‘तात्पुरती’ चालू करून देतो. अशी लिफ्ट दार उघडं असतानाही हलते. रिपेअर झालं की कंट्रोलर पॅनेलमध्ये जंपर राहिला नाही ना, हे त्याच्याकडून लिहून घ्या.

सचिव: लॉबी धुताना पाणी लिफ्टकडे जातं, त्याचं काय?

ए-११०२: बादलीने धुणं आजपासून बंद करा. ते पाणी उंबऱ्यातून लॉकच्या संपर्कांवर, केबिनच्या छतावरच्या वायरिंगवर आणि शेवटी पिटमध्ये, म्हणजे लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात. पिटमध्ये गव्हर्नर रोपची ताण देणारी पुली असते, ती गंजून अडकली तर वर सांगितलेलं सगळं संरक्षण कागदावरच. पिळलेला मॉप, आणि खाचेसाठी कोरडा ब्रश.

ए-३०१: मग आतून लिफ्ट तशीच कळकट ठेवायची का?

बी-५०३: नाही हो. २ मिमी विनाइल टाका, सगळं मिळून ५ किलोही होत नाही. आरसा अर्ध्या उंचीचा, आणि फुटल्यावर तुकडे न पडणारा. उरलेल्या पैशात एआरडीच्या, म्हणजे ऑटोमॅटिक रेस्क्यू डिव्हाइसच्या बॅटऱ्या बदलू. १२ व्होल्टच्या चार आहेत, नेहमीच्या करारात त्या बहुधा धरलेल्या नसतात. वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी तीच. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना मेन बंद करून मेकॅनिकने दर महिन्याला दाखवावं. आणि एआरडी चाललीच नाही तर आतल्यांनी दार ओढून उडी मारायची नाही, केबिनखालच्या फटीतून थेट शाफ्टमध्ये पडायला होतं. केबिन हवाबंद नसते, गुदमरत नाही. बेल दाबून थांबायचं.

सचिव: बरं. ग्रॅनाइट रद्द, विनाइलचं कोटेशन मागवतो. बी विंगचं काय करू?

ए-११०२: तिथे आधी तराजूची चाचणी. केबिनमध्ये २७२ किलो ठेवायचे, लिफ्ट वर-खाली चालवायची आणि केबिन-काउंटरवेट समोरासमोर येतात तिथे मोटरचा करंट पाहायचा. दोन्ही वेळा सारखा हवा. वर जाताना जास्त आला तर टाइल्स काढायच्या. कंपनीने निम्म्याऐवजी वेगळं प्रमाण धरलेलं असू शकतं, म्हणून इन्स्टॉलेशनचे कागद शोधून ठेवा.

सचिव: शनिवारी १० ते १ बी विंगची लिफ्ट बंद. कंपनी २० किलोची १३ वजनं आणि वरचे १२ किलो घेऊन येतेय. कुणाचं फर्निचर त्या वेळेत येणार असेल तर कृपया रविवारवर ढकला.

बी-२०४: माझं कपाट येणार होतं. ढकललं.