शी गोळा करायला दोन लाख?

लोणारची_लेक: परवा छप्पर_गळतंय यांनी लिहिलं की विद्यापीठाने मायक्रोबायोमच्या, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या अभ्यासाच्या, नव्या प्रोजेक्टला दोन लाख सीड मनी (सुरुवातीची रक्कम) दिली म्हणजे 'लोकांची शी गोळा करायला पैसे उधळले', त्यापेक्षा होस्टेल दुरुस्त करा. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २००७ लाच ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्ट सुरू केला, आजही जगातला बहुतेक डेटा अमेरिका-युरोपातल्या आतड्यांचा आहे. आपल्या भाकरी-डाळीवाल्या पोटात प्रीव्होटेला हा जंतू भरलेला, आणि नॉर्मल काय ते त्यांच्यावरून ठरवायचं? दोन लाखांत शोध लागत नाही हो, पायलट डेटा, म्हणजे छोट्या चाचणीची पहिली आकडेवारी, येते. ती नसेल तर मोठ्या ग्रँटच्या कमिटीत पहिल्या पाच मिनिटांत घरी पाठवतात.

छप्पर_गळतंय: मीच तो. मॅडम, त्या होस्टेलात मी राहिलोय, पावसाळ्यात गादी उभी करून झोपायचो. आणि मायक्रोबायोमचं कौतुक सांगू नका, शी तपासून देणाऱ्या त्या अमेरिकन यूबायोम कंपनीचं काय झालं? २०१९ ला एफबीआयची धाड आणि त्याच वर्षी दिवाळं.

लोणारची_लेक: कंपनीने बिलांत लबाडी केली म्हणून विषयच खोटा? २०१३ चा डच ट्रायल वाचा. सी. डिफिसाइल या जंतूमुळे जुलाब पुन्हा पुन्हा होणारे १६ पेशंट, १३ जण निरोगी माणसाच्या विष्ठेच्या एका डोसात बरे. औषधवाल्या गटात १३ पैकी ४. ट्रायल मधेच थांबवावा लागला.

निवृत्त_मास्तर: दोघेही भोळे. सीड मनी नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, फॉर्ममधल्या रकान्यासाठी असते. मंजुरी डिसेंबरात, पैसे फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चला यूसी, म्हणजे पैसे खर्च झाल्याचा दाखला, द्या! त्यात २०२२ पासून संशोधनाच्या उपकरणांवरचा जीएसटी ५ चा १८ टक्के. सरकार एका हाताने देतं आणि दुसऱ्याने काढून घेतं.

पिपेट_पुराण: मास्तर, एल-वनचं, म्हणजे सगळ्यात कमी बोलीवाल्याकडूनच घ्यायच्या नियमाचं, पण सांगा ना. आमच्याकडे सगळ्यात स्वस्त म्हणून उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर घेतला, मे महिन्यात कंप्रेसर गेला, नमुने वितळले. आणि वीज गेल्यावरची जनरेटरची लाइन कुठे होती माहितीये? साहेबांच्या एसीला.

निवृत्त_मास्तर: स्पेसिफिकेशन कोणी लिहिलं होतं? तुमच्याच गाइडने. खरेदी विभागाला शिव्या देणं सोपं असतं, मी तिथे बसलोय.

पिपेट_पुराण: वाटलंच होतं. जून २०२५ ला केंद्राने वैज्ञानिक उपकरणं जेमबाहेर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेर, घ्यायची मोकळीक दिली, आमचे क्लार्क म्हणतात आम्हाला पत्र नाही आलं. तुमचेच चेले असणार.

निवृत्त_मास्तर: तोंड सांभाळून. ऑडिटचा पॅरा (आक्षेप) लागला की गाइड रजेवर जातो आणि क्लार्क पेन्शनसाठी हेलपाटे मारतो.

सीएचबी_वाली: फ्रीझरवरून काय भांडताय! मी सेट-नेट पास, तासिका तत्त्वावर शिकवते, सीड मनीच्या फॉर्मवर 'कायम शिक्षक' लिहिलेलं बघून फॉर्म परत ठेवला. आयडिया माझी होती, प्रोजेक्ट सरांच्या नावावर गेला.

छप्पर_गळतंय: बरं बाबा, द्या दोन लाख, आमचा विरोध मागे. एवढ्या अडथळ्यांतून तुमच्या हातात काही पडलं तर ना! आणि सीएचबी ताई, तुमचं मात्र खरंच वाईट वाटलं.

सीएचबी_वाली: वाईट वाटून घेऊ नका, जागा भरायला सांगा. मार्चपासूनचं मानधन अजून आलेलं नाही.

निवृत्त_मास्तर: त्याचंही बिल खर्चाच्या कोणत्या हेडखाली टाकलंय ते आधी विचारा.